टोपी फुटते पण बार होत नाही: ठासणीच्या बंदुकीचं दरवर्षीचं दुखणं

टोपी, म्हणजे घोड्याच्या फटक्यानं जाळ करणारी छोटी धातूची वाटी, फटकन फुटते, घोडा बरोबर जागेवर पडतो आणि पुढं काहीच होत नाही. नाहीतर टोपी फुटते, मग जरा दम खाऊन फुस्स करत बार सुटतो आणि तोवर नेम कुठल्या कुठं गेलेला असतो. ठासणीची बंदूक, म्हणजे बंदुकीची दारू आणि गोळी नळीच्या तोंडातनं गजानं (लांब दांड्यानं) ठासून भरायची बंदूक, ज्याच्या घरात आहे त्या प्रत्येकानं हे कधी ना कधी बघितलंय, आणि आपल्या भागात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा शाहूवाडी राधानगरी आजरा चंदगड ह्या पट्ट्यात, पावसाळा लागला की हे दुखणं हमखास वर येतं. मी ह्या बंदुकांत लई वर्षं रमलोय, कागदी टार्गेटवर मारायचं, साफ करायचं, परत मारायचं, एवढाच नाद, पण त्यामुळं ओळखीतले लोक हाच प्रश्न घेऊन येतात आणि येताना उत्तरपण सोबतच आणतात, दारू सादळली. किंवा टोप्या जुन्या झाल्या. मग नवी दारू घेतात, नव्या टोप्या घेतात, आणि पुढच्या खेपेला परत तेच.

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा दारूपण चांगली असते आणि टोपीपण चांगली असते, अडलेली असते ती दोघांच्या मधली वाट. निप्पलच्या, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या पोकळ खुंटीच्या, भोकातनं खाली नळीच्या बुडापर्यंत जी बारीक वाट जाते, टोपीचा जाळ जिच्यातनं पळत जाऊन दारूला भिडतो, ती तेलानं नाहीतर कीटानं बंद झालेली असते. आणि ती बंद होते ती बऱ्याचदा आपल्याच साफसफाईनं, म्हणून जो माणूस बंदुकीला जास्त जपतो त्याचीच जास्त अडते, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

काहीजण म्हणतात ठासणीचं असंच असतं, जुनं काम, पाचातला एक बार फुसका जाणारच. हे मला अजिबात पटत नाही. १८३४ साली इंग्लंडात वूलिचला चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी) बंदूक आणि टोपीची बंदूक यांची रीतसर परीक्षा घेतली होती, दोन्हीचे ६००० बार. चकमकीवाली ९२२ वेळा चुकली, म्हणजे सहा-सातातला एक बार वाया, आणि टोपीवाली चुकली फक्त ३६ वेळा. शंभरात एकसुद्धा नाही. ही जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची टोपी आणि तेव्हाची दारू. मग आज तुमची बंदूक पाचातला एक बार खात असेल तर ते ठासणीचं नशीब नाही, बंदुकीत दोष आहे आणि तो सापडतो, दुरुस्तपण होतो.

पुढं जायच्या आधी एक गोष्ट सरळ सांगतो. हे सगळं परवानाधारकांसाठी आहे. परवान्यावर ज्याचं नाव आणि जे कारण लिहिलंय तेवढंच, दारू आणि टोप्या परवान्यावर नोंद करून दुकानातनंच, आणि मारायचं ते कागदावर, मागं मातीचा भक्कम बांध असलेल्या जागी. उसात डुक्कर शिरतात, गवे उतरतात, नुकसान होतं, सगळं मान्य, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली स्वतःच्या मनानं जनावरावर बार टाकता येत नाही, त्याची वाट वनखात्यातनंच जाते. लग्नात-वरातीत हवेत बार काढायची हौस तर २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीपासून तुरुंगाच्या नाहीतर दंडाच्या शिक्षेची आहे. त्यामुळं तसल्या कामासाठी बंदूक "चालू करून द्या" म्हणून कुणी आलं तर मी नाही म्हणतो.

आता बार झाला नाही तर त्या क्षणी काय करायचं ते आधी, कारण माणसं जखमी होतात ती इथं. टोपी फुटली, बार नाही. नळी टार्गेटवरच. खांद्यावरनं बंदूक खाली घेऊन "काय झालं बघू" म्हणून तोंडात डोकवायचं नाही, नळी वर करून टेकवायची नाही, मागं उभ्या असलेल्या माणसाकडं वळायचंच नाही. आत कुठंतरी एखादा कण धुमसत असू शकतो आणि तो उशिरा दारूला भिडू शकतो. कमीत कमी एक मिनिट असंच धरून थांबायचं, मी स्वतः दोन मिनिटं थांबतो, हात भरून आले तरी चालेल पण नळी हलवायची नाही. मग फुटलेली टोपी काढायची, नवी टोपी नीट दाबून बसवायची आणि परत चाप ओढायचा. निम्मे बार इथंच सुटतात.

दुसऱ्यांदा पण गेला तर परत तेवढंच थांबायचं, टोपी काढायची, आणि मग बंदूक टार्गेटकडंच आडवी ठेवून पान्यानं निप्पल सोडवायचं. भोक मोकळं करायचं, निप्पलच्या खालच्या भोकात बारीक दारूचे थोडे दाणे सोडायचे, चिमटीतले, जास्त नको. निप्पल बसवायच्या आधी गजानं गोळी दारूवर टेकलेली आहे का ते बघायचं, अंग आणि चेहरा नळीच्या तोंडापासनं बाजूला ठेवून, कारण कधीकधी अर्धवट पेटून गोळी वर सरकलेली असते. सरकलेली गोळी आणि खाली पोकळी असा बार पेटला तर नळीला फुगवटा येतो, वाईट वेळ असेल तर नळी फुटते. हे सगळं झालं की निप्पल घट्ट, नवी टोपी, आणि बार. ह्यानं पण नाही झालं तर विषय संपला, आता दारू भिजवायची. निप्पलच्या भोकातनं पाणी सोडायचं, भरपूर, आतली दारू पूर्ण ओली होईपर्यंत वाट बघायची, आणि मगच गजाला गोळी काढायचा स्क्रू लावून ओढायची. कोरड्या दारूवरची गोळी स्क्रूनं ओढायची नाही, कधीच नाही.

गजाचा विषय निघालाय तर हे पण आजच करून टाका. बंदूक पूर्ण रिकामी असताना गज आत टाका आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करा. मग तुमचा नेहमीचा बार भरून गोळी नीट बसल्यावर दुसरी खूण. ह्या दोन खुणांवर तुमचा जीव आहे. भरलेली का रिकामी, एक बार का दोन, गोळी टेकली का अधांतरी, सगळं ह्या दोन रेघा सांगतात. गडबडीत फुसका गेलेला बार लक्षात येत नाही आणि त्याच्यावर दुसरा ठासला जातो, हे नवशिक्यांचंच होतं असं नाही. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर, १८६३ साली, रणांगणावरनं हजारो बंदुका गोळा केल्या तर त्यातल्या कितीतरी बंदुकांत एकावर एक दोन-दोन, काहींत त्याहून जास्त बार ठासलेले निघाले. शिकलेले सैनिक होते ते. आवाजात, धुरात, शेजारच्याच्या बाराला आपला समजले आणि परत भरत बसले.

आता दोष शोधायचा कसा. आधी कान देऊन ऐका. घोडा पडला आणि टोपी फुटलीच नाही, दुसऱ्या फटक्याला फुटली, तर वाट बंद असण्याशी त्याचा संबंध नाही, टोपी निप्पलवर पूर्ण बसत नाहीये. पहिला फटका टोपी खाली ढकलण्यात जातो आणि दुसरा फोडतो. निप्पलचं टोक ठोकून ठोकून पसरलेलं असतं, नाहीतर टोपीचा नंबर चुकीचा असतो, नाहीतर घोड्याची स्प्रिंग दमलेली. टोपी चांगली खणखणीत फुटली पण आत सामसूम, तर वाट पूर्ण बंद. टोपी फुटली आणि मग थांबून फुस्स-धडाम, तर वाट अर्धी बंद आहे किंवा बुडाशी ओल आहे, किंवा दारू वाटेच्या तोंडापर्यंत पोचलेलीच नाही. चांगल्या बंदुकीत हे दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत, आपल्याकडं म्हणतात तसं जाळ अन् धूर संगटच.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी पन्हाळ्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेतावर गेलो होतो. तिथला पोरगा, वडिलांच्या नंतर परवाना त्याच्या नावावर रीतसर झालेला, बंदूक एकदम चकाचक ठेवलेली, दस्त्याला पॉलिश, नळीत तोंड दिसेल असं. पहिला बार फुसका, दुसरी टोपी, तोपण फुसका.

"काका, दारूच नासली बघा. दुकानदारानं जुनी मारली."

"दारूचं नंतर बघू. निप्पल काढ आधी."

"काका, निप्पल साफ आहे की, कालच तेल सोडलंय त्यात."

"किती सोडलंस?"

"चांगलं भरून सोडलंय. गंजू नये म्हणून."

थांबायचं तेवढं थांबून निप्पल काढलं आणि पांढऱ्या कागदावर उलटं धरून स्टोव्हची पिन घातली. आतनं काकवीसारखं काळं, चिकट, ओढलं तर तार येईल असं काहीतरी निघालं. त्याच्या खाली जिथं निप्पल बसतं त्या खोबणीत पण तेच, त्यात दारूचे चार दाणे अडकून ओले झालेले. वास नासक्या अंड्यासारखा, म्हणजे मागच्या वेळच्या गंधकाचं कीट तसंच आत राहिलेलं आणि त्यावर तेल. दारूच्या डब्यातली चिमूटभर दारू कागदावर घेतली तर दाणे सुटे, चमकदार, हाताला काळं न लावणारे. दारूत काही खोट नव्हती. वाट साफ केली, कोरडी केली, दाणे सोडले, टोपी लावली आणि बार झाला तो बांधावरची माती उडवत झाला. पोरगा दुकानदाराला फोन लावायच्या बेतात होता, ते राहिलं.

हे कीट बनतं कसं ते समजून घेतलं की उपाय आपोआप कळतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ही पूर्ण जळून हवेत जात नाही, वजनानं निम्म्याहून जास्त माल जळल्यावर घन रूपात उरतो, थोडा धुरातनं बाहेर पडतो आणि बाकीचा नळीत चिकटतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि त्यातले काही हवेतली ओल ओढून घेतात. उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलमध्ये, आपल्याकडं हवा कोरडी असते तेव्हा हे कीट वाळून कडक होतं, चार बारांनंतर गोळी खाली जायलाच मागत नाही. पावसाळ्यात तेच कीट पाणी पिऊन चिखल होतं, गोळी सुळकन खाली जाते पण जाताना चिखल पुढं ढकलत नेते, थेट बुडापर्यंत. ज्याचं शेत गगनबावड्याच्या अंगाला आहे त्याला मी काय सांगणार, तिथं भिंतीला पण पाझर असतो. म्हणजे एकाच बंदुकीचं दुखणं ऋतूप्रमाणं बदलतं आणि आपण मात्र बारा महिने एकच पद्धत वापरतो.

त्यात तेलाची भर. ही क्षारं पाण्यात विरघळतात, साध्या पाण्यात, पण तेलात नाही. मशीनचं तेल, इंजिन ऑइल, ग्रीस असलं पेट्रोलियमचं काही ह्या कीटावर पडलं आणि वरनं जाळ लागला की डांबर तयार होतं. ते डांबर मग ना पाण्यानं सुटतं ना तेलानं, खरवडावं लागतं. म्हणून नियम एकच, पाण्यानं कीट पूर्ण निघाल्याशिवाय तेलाची बाटली हातात घ्यायची नाही, आणि बार काढायच्या आधी तेल पूर्ण पुसल्याशिवाय दारूची कुप्पी हातात घ्यायची नाही.

आणि तेल बुडाशी जातं कसं? बंदूक ठेवायच्या पद्धतीनं. आपल्याकडं घराघरात बंदूक कपाटाच्या कोपऱ्यात दस्ता खाली, नळीचं तोंड वर अशी उभी असते. नळीला तेल लावलेलं, ते महिनाभरात हळूहळू खाली उतरतं आणि जाऊन बसतं बुडाशी आणि निप्पलच्या वाटेत, म्हणजे जिथं नको तिथंच. मी सगळ्यांना सांगतो की तोंड खाली करून ठेवा, खाली जुन्या चादरीची घडी टाका, जादा तेल त्या घडीत उतरू दे. एवढ्या एका गोष्टीनं किती जणांचे पहिले बार फुसके जायचे थांबले ते मी बघितलंय. अर्थात कुलूपबंद कपाटात आणि रिकामी, हे वेगळं सांगायला नको.

निवडणुकीचं पण तसंच. आचारसंहिता लागली की बऱ्याच जणांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते आणि ती तिथं किती दिवस राहील हे आपल्या हातात नसतं, म्हणून लोक देताना ती तेलात न्हाऊ घालून देतात. गंज धरू नये म्हणून ते बरोबरच आहे, मीपण भरपूर तेल लावूनच देतो. पण परत आणल्यावर ती बंदूक बार काढायच्या लायकीची नसते हे लक्षात ठेवायचं. घरी आणली की निप्पल काढा, वाट धुवा, बुडातलं तेल काढा, मग पुढचं. गेल्या काही वर्षांत माझ्याकडं आलेल्या तक्रारी बघितल्या तर निवडणूक झाल्यावरच्या महिन्यात त्या हमखास जास्त असतात.

तिसरं म्हणजे खंडेनवमी. शस्त्रपूजा करावी, आम्हीपण करतो, बंदूक तलवार कोयता सगळं मांडून. फक्त हळद-कुंकू वाहताना ते घोड्यावर आणि निप्पलवर पडू देऊ नका. बारीक पूड आहे, तेलात मिसळून निप्पलच्या भोकात बसते आणि वाळली की घट्ट डाट होतो. दस्त्याला बोट लावा, नळीला लावा. आणि पूजेला मांडायच्या आधी निप्पलवर एक छोटं चामड्याचं टोपण घातलं तर प्रश्नच मिटला.

आता बार काढायच्या दिवशी मी काय करतो. पहिल्यांदा गज टाकून खूण बघतो, बंदूक रिकामी आहे याची खात्री, कितीही माहिती असलं तरी. मग कोरड्या सुती चिंध्या, जुन्या धोतराच्या किंवा गंजीफ्रॉकच्या, एकामागनं एक नळीत, तेलाचा डाग दिसायचा बंद होईपर्यंत. निप्पल काढून सर्जिकल स्पिरिटमध्ये बुचकळायचं, खालच्या खोबणीत स्पिरिटचा बोळा फिरवायचा, स्टोव्हची पिन आरपार घालायची, आणि स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत बसून राहायचं. घाई करू नका इथं, स्पिरिटचा ओलावा पण ओलावाच आहे आणि वर पेट घेणारा आहे. मग निप्पल बसवून रिकाम्या बंदुकीवर टोपी लावायची, नळीचं तोंड जमिनीजवळच्या एखाद्या वाळक्या पानापाशी नाहीतर गवताच्या काडीपाशी न्यायचं, आणि टोपी फोडायची. पान हललं पाहिजे. सणकून हललं तर वाट मोकळी. पान ढिम्म राहिलं तर टोपीचा जाळ नळीत उतरतच नाहीये, परत निप्पल काढा, परत साफ करा. मी दोन टोप्या अशा खर्च करतो, दुसरी टोपी राहिलेल्या तेलाची ओल पण जाळून टाकते. टोप्या महाग आहेत, मोजून मिळतात, म्हणून लोक इथं हात आखडतात आणि मग भरलेल्या बंदुकीवर चार टोप्या घालवतात. टोपी फोडल्यावर मात्र लगेच दारू ओतायची नाही, एक कोरडी चिंधी खालपर्यंत नेऊन आणायची, तिच्यावर टोपीचा काळा डाग आला पाहिजे, तोच पुरावा.

भरताना दारू कुप्पीतनं थेट नळीत नाही, मापात घेऊन मापातनं नळीत. आत ठिणगी राहिली असेल तर मापातली दारू पेटेल, हात भाजेल, पण कुप्पी हातात असेल तर हातच जाईल. दारू पडली की दस्त्याला बुडाजवळ तळहातानं दोन-तीन हलक्या थापट्या मारायच्या, म्हणजे दाणे वाटेच्या तोंडापर्यंत सरकतात. हे फार कमी लोक करतात आणि उशिरा सुटणाऱ्या बाराचं हे एक मोठं कारण आहे, वाट साफ आहे, दारू कोरडी आहे, पण मधे मोकळी जागा आहे. मग गोळी, गज नळीच्या तोंडाजवळ धरून थोडाथोडा ढकलायचा, लांबनं जोर लावायचा नाही, लाकडी गज मोडून तळहातात घुसलेला मी बघितलाय. गोळी खुणेपर्यंत. टोपी सगळ्यात शेवटी, टार्गेटसमोर उभं राहिल्यावरच.

बारांच्या मधे चिंधी फिरवतात तिथं तर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. लोक चिंधी पाण्यात बुडवून तशीच निथळती नळीत घालतात. ते पाणी कीट विरघळवतं आणि तो काळा काढा खाली वाटेत जाऊन बसतो, मग पुढचा बार फुसका आणि परत दोष दारूला. चिंधी ओलसर पाहिजे, ओली नको, पिळून घ्या, बोटाला दमट लागेल एवढीच. गजाचं टोकपण चिंधीसकट फार घट्ट बसत असेल तर ते पिचकारीचं काम करतं, सगळं कीट पुढं रेटत नेतं, म्हणून थोडं सैल पाहिजे, जाताना सरकत जाईल आणि येताना चिंधी गोळा होऊन कीट ओढून आणेल असं. खालपर्यंत एकदा, बाहेर, उलटी बाजू, परत एकदा, मग एक कोरडी. वर-खाली वर-खाली घासत बसायचं नाही, ते घरी गेल्यावर. पावसाळी हवेत मी प्रत्येक बारानंतर हे करतो. कोरड्या हवेत मात्र चिंधीला किंवा गोळीखालच्या कापडाला मेण आणि खोबरेल तेलाचं मिश्रण लावतो, त्यानं कीट मऊ राहतं. चरबी वापरणार असाल तर बिनमिठाची.

जुन्या इंग्रजी बनावटीच्या बंदुका ज्यांच्याकडं आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. त्यातल्या बऱ्याच बंदुकांच्या बुडाशी दारूची कोठडी नळीपेक्षा अरुंद असते, १७८७ साली हेन्री नॉकनं असल्या बुडाचं पेटंट घेतलं होतं आणि पुढं तसली घडण पसरली. ह्यात तुमची नेहमीची चिंधी कोठडीच्या तोंडाशीच थांबते, आत जातच नाही. वरनं नळी आरशासारखी लख्ख आणि खालच्या कोठडीत वर्षांचं कीट. गज जिथं टेकतो ते बूड असं आपण समजतो. बारीक मापाचा ब्रश घ्या, त्याच्यावर चिंधी गुंडाळून आत घालून बघा, काय निघतं ते. बाजूला वाटेच्या वळणावर साफसफाईचा छोटा स्क्रू असेल तर तोपण कधीतरी उघडायचा असतो, तो शोभेचा नाही. वर्षानुवर्षं न उघडल्यामुळं जाम असेल तर जोर लावून त्याचं डोकं मोडू नका, तेल सोडून दोन दिवस ठेवा, नाही सुटला तर दुरुस्तीवाल्याकडं न्या.

निप्पल पण झिजतं. प्रत्येक बाराला जाळ उलटा पण येतो आणि भोक हळूहळू मोठं होतं. मोठं भोक म्हणजे सोपं पेटेल असं वाटतं, पण मग बार सुटताना घोडा मागं उचलला जातो, टोपीच्या चिंधड्या उडतात, डोळ्याला धोका. चष्मा घालूनच मारा, साधा का असेना. टोपीचे तुकडे घोड्याच्या वाटीत अडकायला लागले किंवा गालाला गरम हवा जाणवायला लागली की निप्पल बदला. आटे बघून घ्या, जुन्या आणि नव्या बंदुकांचे आटे वेगवेगळे असतात आणि जवळपासचा आटा पहिल्या दोन फेऱ्यांत बसल्यासारखा वाटतो. इथं कोल्हापूरकरांचा एक मोह मला माहितीय, उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते करून मिळतं, निप्पल काय चीज आहे. हात चांगले आहेत आपल्या कारागिरांचे, शंकाच नाही, पण बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या माणसाकडनंच करायची असते, शस्त्र कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि कुठल्या पोलादाला किती कडकपणा पाहिजे हा पण प्रश्न आहेच. तुम्ही तर अडकालच पण त्या बिचाऱ्या लेथवाल्याला कशाला अडकवायचं.

दारू खरंच सादळलीये का हे बघायचं तर आधी डोळ्यानं. दाणे सुटे आहेत, ओघळतात, तर ठीक. गोळे झालेत, दाण्यांवर पांढरट बुरशीसारखा थर आलाय, म्हणजे ओल लागून सोरा बाहेर आलाय, तर ती दारू गेली. ती उन्हात वाळवणं, तव्यावर, चुलीजवळ, हेअर ड्रायरनं, असलं काहीही करायचं नाही. वाळल्यावर पण ती पहिल्यासारखी होत नाही आणि वाळवताना घर जाऊ शकतं. बादलीभर पाण्यात टाकून निकामी करा. चांगली दारू तिच्या मूळ डब्यात, झाकण घट्ट, देवघर आणि स्वयंपाकघरापासनं लांब. सकाळी डबा उघडून दिवसभर तसाच ठेवायचा नाही, लागेल तेवढी छोट्या कुप्पीत घ्यायची.

आणि फुसक्या बारावरचे जे गावठी उपाय चालतात त्याबद्दल मला खरंच राग येतो. निप्पलमध्ये आगपेटीची गुल भरणं. दारू दुप्पट घालणं, म्हणजे "पेटलीच पाहिजे". आणि सगळ्यात भयंकर, काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत घालणं. बिनधुराची दारू वेगळीच वस्तू आहे, तिचा दाब कुठल्या कुठं जातो, ठासणीची नळी त्यासाठी बनलेलीच नाही. तिची चिमूटभर पण नको, काळ्या दारूत मिसळून पण नको. फुटलेली नळी ठासणाऱ्याचा डावा हात आणि डोळे घेऊन जाते. वाट साफ करायला पाच मिनिटं लागतात, त्याच्यासाठी हे असले उद्योग.

संध्याकाळी घरी आल्यावर साफसफाई त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, आपल्या हवेत एका रात्रीत गंजाचे ठिपके उठतात. नळी सुटी होत असेल तर बूड बादलीत, निप्पल काढून, कोमट पाणी आणि थोडा साबण, गजानं पंपासारखं पाणी वर-खाली खेचायचं, ते पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत. उकळतं पाणी काहीजण सांगतात, पण त्यानं वाळता वाळताच तांबूस थर धरतो, कोमट पुरतं. मग कोरड्या चिंध्या, वाटेत स्पिरिटचा बोळा, वाऱ्यावर सुकवणं, आणि मग तेलाचा पातळ हात. पातळ, चिंधीला लावून, नळीत ओतून नाही. दोन दिवसांनी परत एक चिंधी फिरवून बघायची, तांबूस आली तर कुठंतरी पाणी राहिलंय.

एवढं सगळं करून पानपण हलतंय, दारूपण सुटी आहे, आणि तरी बार अडतोय, तर मग घोड्याची स्प्रिंग, घोड्याची वाटी निप्पलवर तिरकी पडणं, नाहीतर बुडाच्या आट्यात गेलेली भेग, हे आपल्या हातचं काम नाही. परवान्याची प्रत सोबत घेऊन दुरुस्तीवाल्याकडं जा, कितव्या बाराला अडते, टोपी पहिल्या फटक्याला फुटते का दुसऱ्या, हवा कशी होती, हे त्याला सांगा म्हणजे त्याचे दोन दिवस वाचतील. आणि बंदूक टेबलावर ठेवायच्या आधी त्याच्यासमोर गज टाकून रिकामी असल्याची खूण त्याला दाखवा, नुसतं तोंडानं सांगू नका.